ओल्या मातीने दोनदा चकवलं : एका डाळ मिलवाल्याच्या टेनिसचं प्रकरण

डिसेंबरातला रविवार, भुसावळचं मातीचं टेनिस कोर्ट. सकाळचे आठ वाजायच्या आत भाऊंचा सामना संपलासुद्धा. 2-6, 1-6. समोर 58 वर्षांचे निवृत्त रेल्वे गार्ड, पोट सुटलेलं, डाव्या गुडघ्याला पट्टा.

भाऊ म्हणजे कोण ते सांगतो. वय 39, जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल, आणि बारा वर्षांपासून आठवड्यातल्या चार संध्याकाळी आमच्या सिमेंट कोर्टावर टेनिस. नाव लिहीत नाही, कारण मिलवाल्याचं हसं झालं की ते बाजारात भावाआधी पोचतं. मी त्याच कोर्टावर सकाळी मुलांना शिकवतो. भाऊंच्या सर्व्हिसला दबकणाऱ्यांत मीही आहे.

भुसावळहून परत येताना नशिराबाद येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "सर, रॅकेट बदलू का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला तीन महिने लागले, आणि त्यात दोनदा आमचं निदान चुकलं. एकदा त्यांचं, एकदा माझं. मातीवर कसं खेळावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण आपली माती टीव्हीवरच्या मातीसारखी वागत नाही, आणि सकाळी जशी असते तशी दुपारी राहत नाही, हे आम्हाला शेवटी कोर्टाची देखभाल करणाऱ्या एका मार्करने सांगावं लागलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

सिमेंटवर घडलेला हात

आमचं कोर्ट सिमेंटचं. रंग कधीच उडालाय, वर्षानुवर्षांच्या बुटांनी पृष्ठभाग गुळगुळीत झालाय. त्यावर चेंडू टप्पा घेतला की निसटल्यासारखा पुढे येतो आणि कमरेच्या उंचीला हातात मिळतो. अशा जागी हात घडला की माणूस रॅकेट लवकर मागे नेतो, फटका आखूड ठेवतो आणि चेंडू नेटवरून वीतभर उंचीने सपाट काढतो. भाऊंचा फोरहँड अगदी असाच. सर्व्हिस सपाट आणि जोरात; परत आलाच तर चेंडू आखूड येणार; तो कोपऱ्यात मारला की गुण संपला. या सगळ्याच्या आधी कधीतरी मी सहज त्यांचे चाळीस गुण वहीत मोजले होते. एकतीस गुण चौथ्या फटक्याच्या आत मिटले होते.

यात वाईट काही नाही. सिमेंटवर शहाणपण यालाच म्हणतात. पीट सॅम्प्रसने 14 ग्रँड स्लॅम जिंकले ते साधारण याच हिशेबाने, आणि पॅरिसच्या मातीवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, तोच माणूस 1996 च्या उपांत्य फेरीपुढे कधी गेला नाही. हे ऐकून भाऊंना जरा बरं वाटलं. "म्हणजे आजार मोठ्या लोकांचा आहे," म्हणाले.

आपली माती आणि त्यांची माती

भुसावळच्या बाजूचं ते कोर्ट जुनं आहे. खानदेशात मातीचं कोर्ट बांधणं मुळात कटकटीचं. काळी जमीन कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी, पण कोर्टाखाली नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आधी काळी माती उकरून बाहेर काढायची, खाली दगड भरून सोलिंग करायचं, वर मुरूम, आणि सगळ्यात वर चाळलेली तांबडी माती. रोज पहाटे पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुसट झालेल्या रेषा फक्कीने पुन्हा आखायच्या. युरोपातलं लाल कोर्ट वेगळं बांधतात. तिथला वरचा थर विटांच्या भुकटीचा आणि अगदी पातळ असतो, त्याच्याखाली चुनखडीचा घट्ट थर. रंग सारखा दिसतो म्हणून आपण दोन्हींना क्ले म्हणून मोकळे होतो. नातं चुलत आहे, सख्खं नाही.

माती चेंडूचा वेग का खाते, याचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे धरावे लागतात. एक भाग घासण्याचा. टप्पा पडताना चेंडू क्षणभर जमिनीवर घासत जातो. गुळगुळीत सिमेंटवर त्यात थोडा वेग जातो, मातीवर बराच. शिवाय मातीचे सुटे कण चेंडूपुढे बारीक ढिगासारखे साचतात आणि चेंडूला वर ढकलतात. दुसरा भाग उसळीचा, म्हणजे सरळ खाली सोडलेला चेंडू किती वर येतो याचा. घट्ट कोरडी माती घासून वेग खाते, पण उसळी फारशी खात नाही. म्हणून टीव्हीवर पॅरिसचे सामने बघताना चेंडू हळू येतो आणि तरी खांद्यापर्यंत चढतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टांचे वेगावरून पाच गट करतो: 29 किंवा त्याहून कमी अंक म्हणजे संथ, 45 पासून पुढे वेगवान. आपल्या गावच्या कोर्टांना असे अंक लावायला कोणी येत नाही. पण घासणं वेगळं आणि उसळी वेगळी, एवढं जरी मी डोक्यात ठेवलं असतं तरी आमचा दीड महिना वाचला असता.

भाऊंचं निदान : जोर कमी पडला

त्यांचं म्हणणं सरळ होतं. चेंडू हळू येतोय, म्हणजे तो जास्त जोरात मारला पाहिजे, म्हणजे जड रॅकेट पाहिजे. डिसेंबरच्या सामन्यात त्यांनी हेच तर केलं होतं! मी काठावर बसून वही भरत होतो. दोन सेटांत भाऊंनी बाहेर घालवलेले आणि नेटमध्ये मारलेले चेंडू मिळून 34. गार्डसाहेबांनी स्वतः मारून मिळवलेले गुण त्याच्या निम्मेही नसतील. ते काही करतच नव्हते. उंच, मधोमध, सावकाश चेंडू परत द्यायचा. भाऊ वैतागून मागे सरकले की नेटजवळ अलगद एक ड्रॉप टाकायचा, आणि ते धापा टाकत पोचले की डोक्यावरून लॉब. दुसरी सर्व्हिस तर जवळजवळ खालून. पुढे भाऊ कोणी विचारलं की हेच सांगायचे, "मला खालून सर्व्हिस करून हरवलं." मी त्यांना मायकल चँगची आठवण दिली. 1989 साली सतरा वर्षांच्या त्या पोराने पॅरिसच्या मातीवर इव्हान लेंडलसारख्या अव्वल खेळाडूला खालून सर्व्हिस टाकली आणि सामना नेला. त्याने काही भाऊंचं समाधान झालं नाही.

जोर वाढवला असता तर 34 चे 50 झाले असते. रॅकेट मी घेऊ दिली नाही.

माझं निदान : टीव्ही बघून केलेलं

मी काढलेला उपाय पुस्तकात सापडेल तसा होता. संथ कोर्टावर टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरवणारी फिरकी, पाहिजे, चेंडू नेटवरून उंच जायला पाहिजे, आणि चेंडू उंच चढणार म्हणून बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, मागे दीड-दोन मीटर उभं राहायला पाहिजे. राफेल नदालने पॅरिसमध्ये 14 वेळा विजेतेपद मिळवलं ते असंच मागे उभं राहून, असं मी त्यांना ऐकवलं. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

तारांचा ताण 56 पौंडांवरून 52 वर आणला, म्हणजे चेंडू तारांवर जरा जास्त वेळ राहील. पॉलिएस्टरची तार कोणी सुचवली होती, ती मी टाळली. चाळिशीला टेकलेल्या कोपराला ती सोसत नाही, आणि आधीच हात आखडलेला माणूस तिच्यापायी फिजिओथेरपिस्टकडे जातो. पकड थोडी फिरवून घेतली. नेटच्या दोन्ही खांबांना बांबू बांधले आणि नेटच्या वर मीटरभर उंचीवर डाळीच्या गोण्या शिवायची सुतळी ताणली. नियम एकच: चेंडू सुतळीवरून गेला पाहिजे. पहिल्या दिवशी दहांत दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात सात-आठ जाऊ लागले.

मिलला शनिवारी दुपारी वेळ मिळायचा, म्हणून सराव भुसावळच्या त्याच कोर्टावर, दुपारी चारला. जानेवारीतसुद्धा आपल्याकडे दुपारचं ऊन चांगलं असतं. कोर्ट विटकरी रंगाचं, कडक, वर भुकटी. चेंडू छान चढायचा. भाऊ मागे उभे राहून गोल फटके मारायचे, चेंडू सुतळीवरून जाऊन बेसलाइनजवळ पडायचा. तिथल्या दोन-तीन खेळाडूंना त्यांनी सराव सामन्यात हरवलंही. आम्ही दोघं खूश. एका शनिवारी परत येताना वाटेत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी झाली, त्यावरून अंदाज करा.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा तिथेच सामना होता, सकाळी सातला. समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, खेळ बेताचा. भाऊ 3-6, 3-6 हरले.

या वेळी चुका कमी होत्या, 20 च्या आसपास. दिसत होतं ते वेगळंच. भाऊ मागे उभे, आणि चेंडू त्यांच्यापर्यंत येतच नव्हता. टप्पा पडला की बसायचा. ते पुढे धावत यायचे, गुडघ्याखाली वाकून चेंडू उचलायचे, तो अर्ध्या कोर्टात पडायचा आणि पोरगा पुढे येऊन मारून टाकायचा. दीड महिना घासलेला टॉपस्पिन चेंडू समोर जाऊन मेल्यासारखा पडत होता.

मार्कर मामा

तिथे एक वयस्क मार्कर आहेत. पाणी, रोलर, फक्की आणि नवशिक्यांना चेंडू देणं ही चारही कामं तेच करतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. सेट सुटल्यावर ते भाऊंजवळ आले आणि म्हणाले, "सकायनं कोर्ट वल्लं शे भाऊ. इतला मांगे काबरं उभा राहतस?"

सकाळचं कोर्ट ओलं आहे, इतके मागे का उभे राहता. बस्स, एवढंच. चाळीस वर्षं पाणी मारलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतही नसावं.

मी मात्र चांगलाच खजील झालो. सहा शनिवार आम्ही दुपारच्या कोर्टाचा अभ्यास करत होतो आणि परीक्षा सकाळच्या कोर्टावर होती.

पुढच्या आठवड्यात मी एका बांबूवर 254 सेंटिमीटरवर खूण केली. चेंडू तपासायची नियमातली उंची तेवढीच आहे, 100 इंच: काँक्रीटवर सोडलेला नेहमीचा चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. आमच्या सिमेंटवर नवा चेंडू त्या हिशेबात बसला. मग भुसावळला गेलो. दुपारी चारला तोच चेंडू सिमेंटपेक्षा चार बोटं कमी आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटे निघालो. मामांनी पाणी मारून अर्धा तास झाला होता, वर दव होतं. चेंडू वीतभर कमी. एकाच कोर्टावर, एकाच चेंडूने, पंधरा तासांच्या अंतराने.

याचा अर्थ लावणं मग कठीण नव्हतं. दुपारी माती कोरडी आणि कडक, म्हणजे घासून वेग खाते पण उसळी देते. वर उन्हात तापलेल्या चेंडूतली हवाही त्याला उसळायला मदत करते. सकाळी मऊ ओली माती वेग खाते आणि उसळीही खाते. चेंडूच्या लोकरीला ओला गाळ चिकटून तो जड होतो, ते आणखी निराळं. टीव्हीवरची माती आमच्या दुपारच्या मातीच्या जवळची. भाऊंचे सामने मात्र सगळे सकाळचे, कारण मार्चनंतर दुपारी तिथे उभं राहायचं म्हणजे उष्माघाताला आवतण.

सकाळच्या मातीचा अभ्यास

फेब्रुवारीत शनिवार दुपार सोडली आणि रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टावर हजर राहू लागलो. गार पडलेल्या हाताने पहिली दहा मिनिटं नुसती चिडचिड.

पहिला बदल उभं राहण्याच्या जागेचा. बेसलाइनवर, कधी तर अर्धं पाऊल आत. चेंडू येऊन मिळेल ही वाट बघायची नाही, टप्प्यानंतर तो खाली बसायच्या आत गाठायचा. गुडघे वाकलेले. भाऊंची पाठ वाकायची, गुडघे नाही. मी त्यांना सांगितलं की गोणी उचलणारा हमाल बघा, तो पाठीतून उचलत नाही. हे त्यांना लगेच पटलं. मिलमधला हमाल त्यांनी रोज बघितला होता, फक्त फोरहँडसाठी कधी बघितला नव्हता.

दुसरी गोष्ट या सगळ्यात अवघड निघाली, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथेच होतं. संथ कोर्ट चेंडूचा वेग काढून घेतं आणि त्या बदल्यात वेळ देतं, दोघांनाही. गार्डसाहेब त्या वेळात चालत जाऊन नीट उभे राहत. भाऊ त्याच वेळात रॅकेट मागे नेऊन थिजत. सिमेंटच्या सवयीने फटका लवकर सुरू व्हायचा, चेंडू अजून आलेला नसायचा, मग मधेच हात थांबायचा आणि उरलेला फटका मनगटाने उरकायचा. नेटमधले बहुतेक चेंडू या थांबलेल्या हाताचे होते. जोर, टॉपस्पिन, रॅकेट यांपैकी कशानेही तो हात सुटला नसता.

यावर उपाय बालवाडीतला केला. टप्पा पडला की मोठ्याने "टप्पा" म्हणायचं आणि रॅकेट चेंडूला लागताना "दे". मिलमालकाला भर सकाळी ओरडायला लाज वाटत होती. शेजारच्या कोर्टावरची पोरं हसायची. दोन रविवारांनी "टप्पा" आणि "दे" यांमधलं अंतर त्यांच्या कानाला कळू लागलं: सिमेंटवर दोन शब्द जवळजवळ एकमेकांत अडकतात, ओल्या मातीवर मधे एक श्वास बसतो. तो श्वास त्यांनी पायांना द्यायला सुरुवात केली. दोन बारीक पावलं जास्त, मग फटका.

सुतळी ठेवली, पण टॉपस्पिनचा आग्रह कमी केला. ओल्या मातीवर तो चढतच नाही, तर हाताची हाडं कशाला झिजवायची? त्याऐवजी स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून कापत दिलेली उलटी फिरकी. खाली राहणारा चेंडू स्लाइसने आणखी खाली राहतो, आणि समोरच्यालाही गुडघ्यातून उचलायला लावतो. गार्डसाहेबांचं अर्धं भांडवल हेच होतं, हे डिसेंबरात आम्हाला दिसलं नव्हतं, कारण आम्ही त्यांचं पोट बघत होतो. ड्रॉपही तसाच. कोरड्या मातीवर ड्रॉप चढतो आणि पळणारा पोचतो. ओलीवर तो पडतो तिथेच राहतो.

पाचव्या चेंडूचा नियम भाऊंनी स्वतः काढला, माझा नाही. पाचव्या फटक्याआधी गुण संपवायला जायचं नाही. आखूड आला तरी खोलवर परत द्यायचा. मी म्हणालो, हे टोकाचं आहे. ते म्हणाले, "सर, तुरीला तेल-पाणी लावून उन्हात टाकल्याशिवाय साल सुटत नाही. घाई केली की डाळ फुटते, चुरी पडते, आणि चुरीला भाव नसतो." यावर मी काय बोलणार. नियम तीन आठवडे पाळला, मग सैल केला. तोपर्यंत चौथ्या फटक्याची घाई बरीच सुटली होती.

एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी वापरत नाही: चेंडू तिरका द्यायचा. नेट मधोमध 91.4 सेंटिमीटर आणि खांबांजवळ 107. सिंगल्सचं कोर्ट सरळ 23.77 मीटर, कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तर सव्वापंचवीसच्या जवळ, म्हणजे सुमारे 1.4 मीटर जास्त जागा आणि नेटही खालचं. लांब रॅलीत दर चेंडूला एवढी सवलत मिळत असताना सरळ रेषेत मारायचा मोह भाऊंना का होतो, असं मी विचारलं. "सरळ मारलेला दिसतो छान," म्हणाले. उत्तर प्रामाणिक होतं.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. सपाट सर्व्हिसचा जोर पाऊण केला आणि ती अंगावर किंवा बॅकहँडला द्यायची ठरवली. एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागणारी सर्व्हिस, मिळेल ही आशाच सोडली. मिळाला तर प्रसाद.

बुटांचं आधी करायला हवं होतं, ते सगळ्यात शेवटी केलं. त्यांचे सिमेंटवरचे बूट तळाला घासून गोटा झालेले; मातीवर ते मोहरीवर पाय पडल्यासारखे सटकायचे. मातीसाठी माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेला तळ मिळतो, तो आणला. घसरत जाऊन मारायचा प्रकार मात्र मी शिकवला नाही. युरोपातल्या बारीक भुकटीवर घसरणं निराळं आणि आपल्या मुरमाच्या खड्यांवर निराळं. खडा टाचेखाली आला की घोटा गेला.

मार्चचा सामना

मार्चच्या दुसऱ्या रविवारी गार्डसाहेबांशी मैत्रीचा सामना ठरला, सकाळी सातला. तिसरा सेट झालाच तर दहा गुणांचा टायब्रेक.

पहिला सेट भाऊंनी 6-4 घेतला. रॅली लांबल्या, एकदा सव्वीस फटके मोजले. दोघंही बेसलाइनवर, दोघंही स्लाइस, मधेच एखादा ड्रॉप. गुण संपला की नियमाने मिळणारे 25 सेकंद भाऊ पहिल्यांदाच पूर्ण वापरत होते. गार्डसाहेबांनी एकदा रॅकेटवर टाळी दिली. मी वही मिटून नुसता बघत होतो.

दुसरा सेट सुरू झाला तेव्हा आठ वाजत आले होते. मार्चचं ऊन वर आलं आणि कोर्ट आमच्या डोळ्यांदेखत बदललं. चॉकलेटी रंग जाऊन विटकरी आला, आधी दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात, कारण उत्तरेकडच्या भागावर निंबाची सावली होती. चेंडू चढू लागला. भाऊ जिथे उभे होते तिथेच, अर्धं पाऊल आत. आता उंच चेंडू त्यांच्या खांद्यावरून जात होता आणि गार्डसाहेब लॉबवर लॉब देत होते. 3-6. टायब्रेक 8-10.

हरल्याचं दुःख दोघांनाही फार नव्हतं. पण कोर्ट सामन्याच्या मधेच बदलेल हे आमच्या हिशेबात नव्हतं, आणि मधे बांबू घेऊन कोण जाणार? त्या दिवशी मामांनी आम्हाला वण वाचायला शिकवलं. मातीवर चेंडूचा वण उरतो. म्हणून तर मातीच्या स्पर्धांत पंच खुर्चीवरून उतरून वण बघत आलेत. ओल्या मातीवर वण खोल आणि ठळक असतो, कडा दाबल्यासारख्या. माती सुकायला लागली की तो उथळ होतो, आणि पूर्ण सुकली की नुसती भुकटीत ओढलेली रेघ. आपल्या बाजूच्या चेंडूचा वण बाजू बदलताना एकदा बघायचा, बस्स. रेघ दिसू लागली की मागे सरकायचं, फटका गोल करायचा, जानेवारीतला टॉपस्पिन बाहेर काढायचा. म्हणजे ते सहा शनिवार अगदीच वाया गेले नव्हते. फक्त चुकीच्या तासाला खर्च झाले होते. सावलीचा भाग उशिरा सुकतो, म्हणून एका बाजूला मागे आणि दुसऱ्या बाजूला पुढे, हेही त्याच दिवशी कळलं.

सिमेंटवर परत

या प्रकरणाची एक बाजू मी आधी गृहीतच धरली नव्हती. मार्चअखेर भाऊ संध्याकाळी आमच्या सिमेंटवर खेळले आणि ज्यांना ते सहज हरवत त्यांच्याशी हरले. दोन आठवडे. चेंडू येऊन जायचा आणि यांचा "टप्पा" आणि "दे"मधला श्वास अजून चालू असायचा. "काय भो, बुवा झाला का? ध्यान लावू राह्यला," असं कोणीतरी म्हणालंच.

2007 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर एक गमतीचा सामना झाला होता. कोर्टाचा एक अर्धा भाग माती, दुसरा गवत. नदाल आणि फेडरर बाजू बदलताना बूटही बदलत होते. नदाल 7-5, 4-6, 7-6 जिंकला, शेवटचा टायब्रेक 12-10. जगातल्या पहिल्या दोन खेळाडूंनाही दर दोन गेमला जमीन बदलणं जड जात होतं, तर मिल सांभाळून खेळणाऱ्या माणसाला दोन आठवडे लागले यात नवल नाही. आता आम्ही ठरवलंय की सामन्याच्या आधीचे दहा दिवस सिमेंट बंद, आणि सामना झाल्यावर पहिल्या दिवशी नुसती सर्व्हिस आणि परतीचे फटके. हे बरोबर आहे का, ते अजून दोन-तीन सामन्यांनी कळेल. शेजारच्या एका प्रशिक्षकाचं म्हणणं उलट आहे: दोन्हींवर रोज थोडं थोडं खेळावं, म्हणजे हात कुठेच रुळत नाही. तरण्या पोरांना ते जमेल. भाऊंना रोज भुसावळला जाणं जमणार नाही, त्यामुळे तो वाद आमच्यापुरता तिथेच मिटला.

आता जून आलाय. पहिल्या पावसानंतर माती कोर्ट बंद होईल. मामा म्हणाले, पावसाळ्यानंतर वरची माती खरवडून नवा थर टाकायचा आहे, आणि या वेळी मुरूम दुसऱ्या खाणीचा येणार आहे. म्हणजे ऑक्टोबरात उसळी पुन्हा नव्याने मोजावी लागेल. बांबू मामांच्या खोलीत छपराला टांगून ठेवलाय, खूण तैलरंगाने करून. भाऊंनी त्यालाच सुतळीची गुंडी बांधून ठेवली आहे.